रात्री दहा ते सकाळी सहा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की पहिल्या रात्री मला जाग येतेच. तीन वर्षांपूर्वीही आली. अमळनेरच्या उन्हाळ्यात रात्रीचे दोन वाजले तरी भिंतींना हात लावला तर चटका बसतो. त्यात कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता पंखा घरघरत होता. पाणी प्यायला म्हणून अंधारातच स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजच्या अलीकडे पायाला काहीतरी मऊ लागलं. माय होती. ओटा आणि फ्रीज यांच्यामध्ये जेमतेम अडीच फुटांची जागा आहे. तिथे चटई टाकून, दंडाची उशी करून ती झोपली होती.

मी काही बोलायच्या आत ती उठायला लागली. आधी कुशीवर वळली, मग एक हात फरशीवर टेकला, दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरली, गुडघ्यातून बारीक कट्‌ असा आवाज आला आणि मग ती बसली. म्हणाली, "पानी पाहिजे का बाई?"

"तू इथे का झोपलीस?"

"मी काय, कोठेबी पडसू."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे. आजीच्या तोंडून ऐकलं, मावशीच्या ऐकलं, आता वहिनीच्या तोंडीही ते यायला लागलं आहे. पण त्या रात्री पाण्याचा तांब्या हातात धरून मी पहिल्यांदा हिशोब मांडला. मधल्या खोलीतल्या पलंगावर मी आणि माझी लेक. आप्पा त्यांच्या खाटेवर. वरच्या खोलीत भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं. हॉलमधल्या दिवाणावर जावई. सगळ्यांची सोय झाली होती. मी झोपले होते तो पलंग एरवी मायचा.

मी जळगावात इंटिरिअरची कामं करते. फ्लॅट, बंगले, क्वचित एखादं दुकान. सोफा-कम-बेड तर दर तिसऱ्या घरात मागतात, आणि मागताना सगळे एकच सांगतात, "पाहुणे आले की झोपायला बरं." मी खोलीचं माप घेते, कापडाचे नमुने दाखवते, काम करून देते. पाहुणे येतात तेव्हा या घरात आपली जागा कोण सोडतं, हे मी इतक्या वर्षांत एकाही घरी विचारलं नव्हतं. स्वतःच्या माहेरीसुद्धा नाही.

सकाळी मी आप्पांना म्हटलं, हॉलमधला दिवाण काढू, मी सोफा-कम-बेड करून देते. आप्पा म्हणाले, "मिडल बर्थ कर."

आप्पांची नोकरी भुसावळला रेल्वेत, कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या देखभालीत गेली. आमचं लहानपण क्वार्टरमध्ये, आणि सुट्टीत सुरत लाइनच्या पॅसेंजरने अमळनेर. लांबचा प्रवास असला की आप्पा आम्हाला डब्याची एकेक गोष्ट हात लावून दाखवायचे. दिवसा ज्याला पाठ टेकून बसता तीच रात्री मधली बर्थ होते. साखळी अडकवली की झाली. वेगळी गादी नाही, वेगळी जागा नाही, पाठीचीच झोपायची फळी. स्लीपरच्या ७२ बर्थच्या डब्यात हे रोज रात्री घडतं आणि त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, याचं त्यांना केवढं कौतुक! साइड लोअरबद्दल मात्र ते नाराज असत. दोन समोरासमोरच्या सीटच्या पाठी आडव्या पाडून ती बर्थ होते, आणि मधली फट बरोबर कमरेखाली येते. त्या बर्थवर एक रात्र काढलेल्या माणसाला ती फट विसरता येत नाही. अलीकडे काही डब्यांत त्यावर टाकायला एक अखंड फळी-गादी बाजूला दिलेली असते, ती ओढून घ्यायची. आप्पांना मी त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं सुचायला किती वर्षं लागली."

मधल्या बर्थला वेळेचा नियम आहे. रात्री दहा ते सकाळी सहा. त्याआधी ती लावायची नाही आणि नंतर ठेवायची नाही, कारण खालच्याला बसायचं असतं. घरातल्या बैठकीच्या खोलीलाही असाच नियम असतो, फक्त तो कुठे लिहिलेला नसतो. रात्री सगळे पांगल्याशिवाय तिथे अंथरूण पडत नाही आणि सकाळी पहिला माणूस यायच्या आत ते उचलावं लागतं. टाकणारी आणि उचलणारी एकच असते. ती सगळ्यात शेवटी झोपते आणि सगळ्यात आधी उठते. आमच्याकडे पाण्याचा दिवस असला की माय चारलाच उठते.

पहिल्यांदा मी चूक केली ती घाईची. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून तयार सोफा-कम-बेड मागवला. लोखंडी सांगाडा, तीन घड्यांची गादी. उघडायचा म्हणजे आधी बैठकीच्या गाद्या काढून कुठेतरी ठेवायच्या, मग पट्टा धरून सांगाडा वर उचलायचा, तो पुढे ओढत उलगडायचा, आणि शेवटी वाकून पाय उभे करायचे. अडीच इंचांचा फोम, त्याखाली आडवा लोखंडी दांडा, तोही पाठीला जाणवणारा. पूर्ण उघडला की भिंतीपासून सव्वासहा फूट. आमचा हॉल दहा बाय चौदा. टीपॉय उचलून बाहेर ओट्यावर नेल्याशिवाय तो उघडेचना, आणि उघडल्यावर मोरीकडे जायला वाट भिंतीला घासून.

मायने तो पाहिला. "हाई कसाले आनं?" हे कशाला आणलं, एवढंच म्हणाली. पुढच्या चार महिन्यांत पाहुणे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तिने तो उघडला नाही. दुसऱ्या वेळी ती मिटलेल्या सोफ्यावरच, पाच फुटांत पाय पोटाशी घेऊन झोपली. सोफा आता वरच्या खोलीत आहे, त्यावर कपड्यांच्या घड्या असतात.

त्या वस्तूचा राग येण्यापेक्षा मला माझाच आला. मी त्यावर कसं बसतात आणि कसं झोपतात एवढंच पाहिलं होतं. त्या दोन्हींच्या मधला जो अर्धा मिनिट असतो, जेव्हा कुणीतरी वाकतं, ओढतं, उचलतं, तो मी पाहिलाच नव्हता. आणि तो अर्धा मिनिट नेमका मायचा होता.

त्यानंतरच्या दिवसांत मी या विषयाचं मिळेल ते वाचत सुटले. घडीची शय्या ही माणसाची किती जुनी गरज आहे! १९२२ साली इजिप्तचा प्राचीन राजा तूतनखामेन याची कबर उघडली, तेव्हा आतल्या वस्तूंमध्ये तीन भागांत मिटणारी लाकडी खाट होती, ब्राँझच्या बिजागऱ्या असलेली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या विल्यम मर्फीने एका खोलीच्या बिऱ्हाडासाठी भिंतीत उभी मिटणारी खाट बनवली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आणि 'सोफा' हा शब्द मुळात अरबीतल्या 'सुफ्फा'वरून आला. म्हणजे बसायला केलेला उंचवटा. म्हणजे आमचा दारापुढचा ओटाच की! गावाकडे उन्हाळ्यात अर्धं घर ओट्यावर आणि अर्धं धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर झोपायचं. दिवसा खाट भिंतीला उभी करून ठेवायची, रात्री आडवी टाकायची. तिथे जागा बदलायची, आकार नाही.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॅस्ट्रो यांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. त्यांनी १९३१ मध्ये असे सोफे करायला सुरुवात केली. १९४८ साली टीव्हीवरच्या जाहिरातीत त्यांची चार वर्षांची मुलगी तो सोफा एकटीने उघडून दाखवायची. लहान मूल उघडू शकतं, मग तुम्हाला काय अवघड, असा त्याचा अर्थ. ही परीक्षा चांगली आहे, आणि ज्या बापाने ती स्वतःच्या मुलीवर घेतली त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. माझी परीक्षा मात्र वेगळी असायला हवी होती. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे धरलेले, पहाटे चार वाजता, अंधारात, शेजारच्या खोलीत कुणाला जाग न येऊ देता तो मिटवू शकते का?

म्हणून आधी मायचं माप घेतलं. टेप घेऊन बसले तर म्हणते, "पोलकानं माप लेस का?" पोलक्याचं माप घेतेस का! उंची चार फूट अकरा इंच. गुडघ्यामागे जिथे पाय वळतो तिथून जमिनीपर्यंत पंधरा इंच. बाजारातला सोफा साधारण सोळा-सतरा इंच उंच दिसतो, पण बसल्यावर मऊ फोम चांगला तीन-चार इंच खचतो, मग म्हाताऱ्या माणसाला उठताना कुणाचा तरी हात लागतो. मी सतरा इंच धरले आणि वर इंचभरच दबेल असा घट्ट फोम. पाय जमिनीला टेकतात आणि उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. मग प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा आणला, तो पलंगाच्या पायाला बांधला आणि तिला ओढायला सांगितलं. बसून, न कण्हता, ती सात-आठ किलोपर्यंत सहज ओढत होती. दहाच्या पुढे गेलं की खांदा वर जायचा. मी वहीत लिहिलं: पाच किलोच्या आत.

हा आकडा लिहिला आणि निम्मे पर्याय आपोआप गळाले. पेटीचा वरचा पल्ला उचलायचा असतो तो प्रकार गेला, कारण आठ बाय चारची अठरा एमएम प्लायच नुसती तीस-पस्तीस किलो भरते; हायड्रॉलिक पंप लावला तर उचलायला मदत होते, पण दोन-चार वर्षांत पंप ढिला पडला की पल्ला डोक्यावर. पाठ खाडकन आडवी पडते तो प्रकार स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण पाठ मागे पडायला जागा लागते म्हणून सोफा आधी भिंतीपासून पुढे ओढावा लागतो. तेही नको.

राहिला तो पट्ट्यांचा प्रकार. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि मग हात थोडे लांब करा; बोटांची टोकं एकमेकांत राहतात, पण पंजे दूर जातात. तसंच. बैठकीखाली फळी नसते, लाकडी पट्ट्या असतात. एक सोडून एक पट्टी मागच्या चौकटीला पक्की, मधल्या पट्ट्या पुढच्या चौकटीला. पुढची चौकट ओढली की तिच्या पट्ट्या पहिल्या पट्ट्यांच्या मधून सरकत बाहेर येतात आणि बैठक रुंद होते. स्प्रिंग नाही, पंप नाही, बिजागरीसुद्धा नाही. काहीही वर उचलायचं नाही. आप्पांची मिडल बर्थ मी जशीच्या तशी करू शकले नाही, पण त्यातलं मर्म घेतलं: पाठीचीच झोपायची गादी करायची.

मापं जुळवताना मला जो आनंद झाला तो इथे सांगायलाच हवा. बैठक चोवीस इंच खोल. त्यावर चार इंच जाडीची पाठीची गादी उभी राहते, म्हणून प्रत्यक्ष बसायला वीस इंच उरतात. मायच्या मांडीला ते अगदी बरोबर. पाठीची गादी उंचीला वीस इंच. पट्ट्या वीस इंचच बाहेर येतात, आणि आत चार इंच गुंतलेल्या राहतात म्हणून ताकद टिकते. रात्री पाठीची गादी पुढच्या वीस इंचांवर आडवी पडली की चोवीस आणि वीस, चव्वेचाळीस इंच. पावणेचार फुटांना थोडी कमी. लांबी पंच्याहत्तर इंच, म्हणजे जावईही पाय पसरून झोपतील. एकही गादी बाहेर ठेवावी लागत नाही, एकही आणावी लागत नाही. दुपारी जेवण झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर ही बेरीज जमली तेव्हा मी उठून घरभर फिरून आले.

पंच्याहत्तर इंचांची एक गादी केली असती तर ती मायला हलवता आली नसती. म्हणून पंचवीस-पंचवीस इंचांच्या तीन खाली आणि तीन पाठीला. प्रत्येक दोन किलोच्या आसपास. एका हाताने उचलता येते.

फोमबद्दल थोडं. दुकानात 'चाळीस डेन्सिटी' म्हणतात तो एक घनमीटरला चाळीस किलो भरणारा फोम. बसून बसून लवकर मरत नाही. पण फोम उष्णता धरून ठेवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं नवीन नाही, आणि अशा रात्री फोमवर झोपणं म्हणजे पाठीखाली शेगडी. खानदेश कापसाचा मुलूख. आजीच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी यायचा, अंगणात बसून गादीचा गोळा झालेला कापूस पिंजून परत भरून द्यायचा; धनुकलीचा तो टणत्कार आणि नाकातोंडात जाणारे तंतू मला अजून आठवतात. मी गादीचे दोन चेहरे केले. तीन इंच फोम, आणि एका अंगाला इंचभर कापूस. दिवसा फोमचा चेहरा वर, रात्री उलटली की कापसाचा. मायला यातली वेगळीच गोष्ट आवडली. दिवसभर ज्यावर येणारेजाणारे बाहेरच्या कपड्यांनी बसतात, त्यावर झोपावं लागत नाही.

लाकूड आमचंच होतं. गावातलं धाब्याचं घर उतरवलं तेव्हा त्याच्या सागाच्या कड्या काकांनी खळ्यात रचून ठेवल्या होत्या. पणजोबांच्या काळातला सातपुड्याचा साग. धुरानं काळा पडलेला, वर मातीचा थर. मिस्त्रींनी रंधा मारला तर आतून मधासारखा रंग आणि तो तेलकट वास. मिस्त्री साठीचे, अमळनेरचेच, हात बसलेला. त्यांनी सव्वादोन इंचांच्या पट्ट्या काढल्या आणि इतक्या नेमक्या बसवल्या की दोन पट्ट्यांच्या मधून पोस्टकार्ड कसंबसं जाईल. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. चौकट ओढली की सुर्र आवाज करत सरकायची. "ताई, बघा, फट दिसते का कुठे?" त्यांनी विचारलं. मी काटा लावून ओढून पाहिलं, चार किलो. आम्ही दोघं खूश.

मग श्रावण आला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, खानदेशात दिवाळीला घरी न येणारा माणूस कानबाईला येतो. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून सगळे भाऊबंद एका घरात. घर धुऊन पुसून लख्ख, चौरंगाला केळीचे खांब, परातीत कानबाई, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. त्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नवजात बाळ असलं तरी त्याच्या नावाने. माय सुपात मुठी टाकत होती आणि एकेक नाव घेत होती, सासरे, दीर, पुतणे, नातू. मी शेजारी बसून मोजत होते. सत्तावीस नावं झाली. परंपरा आहे, मी ती मोडायला निघालेली नाही, कानबाईवर माझी श्रद्धा आहे. पण मुठी टाकणाऱ्या हाताचं नाव त्यात येणार नव्हतं, आणि त्या वर्षी मला ते पहिल्यांदाच लागलं.

रात्री दोनच्या सुमारास मोठ्या आत्याला बसवेना. ऐंशीच्या पुढचं वय. मायने मला खूण केली. मी अभिमानाने हॉलमध्ये गेले, बायका बाजूला झाल्या, गाद्या काढल्या आणि चौकट ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. भावाने ओढली, दोन पुतण्यांनी ओढली, तेव्हा ती बोटभर पुढे आली आणि तिरकी होऊन घट्ट अडकली. सगळं घर बघत होतं. माय काही न बोलता आत गेली, चटई घेऊन आली, आणि आत्यांना भिंतीशी झोपवलं.

जळगावच्या एमआयडीसीत विणलेली प्लास्टिकची साधी चटई, आमच्याकडे घरोघरी असते ती. तिला हवामानाचं काही वाटत नाही. लाकडाला वाटतं. मेमध्ये आमची हवा इतकी कोरडी की लाकूड आतून पार सुकतं. श्रावणात तेच लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. सव्वादोन इंचांची एक पट्टी अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढली तर डोळ्यांना कळतही नाही. पण तिच्या शेजारचीही तेवढीच वाढते, आणि मधे ठेवलेली जागा होतीच मुळी पोस्टकार्डाएवढी. साग जुना म्हणून तो आता हलणार नाही, असं मी आणि मिस्त्री दोघांनीही गृहीत धरलं होतं. जुना साग कमी हलतो. हलायचा थांबत नाही. सुताराच्या हाताखालच्या पोराला ठाऊक असतं ते मी मेमधल्या फटीच्या मोहात विसरले.

मिस्त्रींना मी दोष दिला नाही, त्यांनी मलाही दिला नाही. विसर्जनानंतर मंगळवारी ते आले, पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाले, "चूक फटीची नाही ताई, आपण फटीला घाबरलो." सगळ्या पट्ट्या सोडवल्या, कडेने रंधा मारून बारीक केल्या. यावेळी माप काय, तर रुपयाचं नाणं दोन पट्ट्यांमधून उभं सरकलं पाहिजे, दोन्ही अंगांना. कडांना मेण चोळलं. शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकणारी छोटी चाकं काढून दोन इंचांची लावली. चौकट तिरकी होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना लाकडाचे मार्ग दिले. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. काम झाल्यावर उठले, आणि गाडी तपासताना जसे चाकांवर हातोडी मारून कान देत, तसे एकेका पट्टीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेले. नवव्या पट्टीशी थांबले. "ही ढिली आहे." खरंच होती.

फटींचं काय? गाद्या सहा, म्हणजे अंगाखाली सांधे येणारच, लांबीतही आणि रुंदीतही. साइड लोअरचं दुखणं माझ्याही घरात आलं. मी त्यावर पातळ फोमची अखंड गादी विचारात घेत होते, तर मायने कपाटातून गोधडी काढली. आजीच्या लुगड्यांची, सहा-सात पदरी, बारीक धावदोऱ्याची. ती टाकली आणि सांधे गेले. गोधडी ठेवायला सोफ्याचे हातच आठ इंच रुंद पेट्यांसारखे करून घेतले, वर झाकण. डाव्या हातात गोधडी आणि चादर, उजव्या हातात दोन उश्या. झाकणावर दिवसा चहाचा कप राहतो.

काट्यावर आता पाच किलोला शंभर ग्रॅम कमी. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. चौकट अडकली नाही.

पण माय त्यावर झोपेना. पाहुणे झोपायचे, ती टाकून द्यायची, सकाळी उचलायची, कौतुकही सांगायची, आणि स्वतः मधल्या खोलीत खाली. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी असते, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी दोनदा रागावले. मग आप्पांनी यंदाच्या आखाजीला, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर खिशातून कागद काढला. त्यांनी रिझर्व्हेशन चार्ट केला होता. त्यांच्या त्या जुन्या, तिरक्या, स्वच्छ अक्षरात. मधली खोली, पलंग: जावई आणि नात. माझं नाव वरच्या खोलीत वहिनीशेजारी. भाऊ गच्चीवर. आणि हॉल, एक आणि दोन: मायचं नाव, पूर्ण, नवऱ्याचं मधलं नाव आणि आडनावासकट, आणि शेजारी मोठ्या आत्यांचं. चार्ट त्यांनी दाराला चिकटवला.

माय लाजली, चिडली, "काय तमाशा शे," म्हणाली. पण रेल्वेतल्या माणसाच्या घरात चार्टवर वाद घालता येत नाही हे तिला पस्तीस वर्षांत कळलं होतं.

रात्री साडेदहाला तिने स्वतःच चौकट ओढली. बसून, एका हाताने. पाठीच्या तीन गाद्या पुढे पाडल्या, सगळ्या उलटून कापसाची बाजू वर केली, डावं झाकण उघडून गोधडी अंथरली. आत्या आधीच कडेला बसल्या होत्या. मी दारात उभी राहून मनात सेकंद मोजत होते आणि मध्येच मोजायचं विसरले. ती आडवी झाली, पाय सरळ केले, थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिली. मग मान वळवून म्हणाली, "मच्छरदानी कोठे बांधशी व माय?"

खाटेला चार पाय असतात, त्यांना चार काठ्या बांधल्या की मच्छरदाणी उभी राहते. माझ्या सोफ्याला मागे पाठ आहे, दोन बाजूंना पेट्या आहेत, आणि पुढे काहीच नाही. पुढची कड रोज आत-बाहेर होते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गेले दोन महिने त्यावर काम चालू आहे. पेट्यांच्या कोपऱ्यांत उभी भोकं पाडून त्यात काठ्या बसवायच्या, हे मागच्या दोन टोकांना जमलं आहे. पुढच्या दोन काठ्या सरकत्या चौकटीवर उभ्या केल्या तर ओढताना डोलतात. मिस्त्री म्हणतात, काठी वरून वाकवून पुढे आणू, बैलगाडीच्या छपरासारखी. मी म्हटलं, मग ती मायला वाकवता आली पाहिजे. काटा परत काढला आहे.